बिनदप्तराचे ग्रंथालय

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील हडसन या गावी २००९ साली टॉड बोल नावाच्या गृहस्थाने, शिक्षिका असलेल्या आपल्या ग्रंथप्रेमी मातेच्या स्मरणार्थ, एकखोली शाळेच्या आकाराची एक लाकडी पेटी घडविली आणि तीत पुस्तके भरून ती घराच्या अंगणात खांबावर उभी केली. वर्गणी, अनामत, जामीन, नोंदवही आणि विलंबाचा दंड यांपैकी एकाचाही जेथे अंमल नाही, आवडेल ते पुस्तक न्यावे आणि जमेल तेव्हा दुसरे आणून ठेवावे एवढाच जेथील रिवाज, अशा या पेटीने वाचकाच्या सचोटीवर जो निःशंक विश्वास टाकला, तोच मला तिच्या रचनेतील खरा आधारस्तंभ वाटतो.

बोल यांना रिक ब्रुक्स हे सहकारी लाभले. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून २,५०९ ग्रंथालये उभी राहिली होती. त्याहून अधिक पेट्या उभारण्याचा या दोघांचा संकल्प २०१२ सालीच सिद्धीस गेला. आज शंभरावर देशांत अशा नोंदणीकृत पेट्या दोन लक्षांच्या घरात आहेत.

पेटीतून पुस्तके वाटण्याची कल्पना विस्कॉन्सिनला नवी नव्हती. ल्युटी स्टर्न्स या विदुषीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील दुर्गम वस्त्यांपर्यंत फिरती ग्रंथालये पोचविली होती. आणि अमेरिकेतील ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केल्यावर त्या संस्थानातील खेड्यांतूनही ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. मात्र त्या पेट्यांच्या पाठीशी सरकारी खाते होते, निवड करणारा जाणता ग्रंथपाल होता. अंगणातील पेटीला यांपैकी काहीच नसल्यामुळे ती सार्वजनिक ग्रंथालयाची जागा घेऊ शकत नाही, आणि तशी अपेक्षाही तिच्याकडून करू नये. हवा तोच ग्रंथ तेथे सापडेल याची शाश्वती नसते, पण ज्याचे नावही कधी कानी आले नव्हते असा ग्रंथ अवचित हाती येण्याचा आनंद तेथे निश्चित असतो.

नियमांचा जाच तिलाही चुकलेला नाही. २०१४ साली कॅन्सस राज्यातील लीवुड येथे एका नऊ वर्षांच्या मुलाच्या घरापुढील पेटी, अंगणात स्वतंत्र बांधकामास मनाई असल्याच्या सबबीवर, हलविण्याचा हुकूम निघाला. पुढे नगरमंडळाने तात्पुरती सूट दिली.

पेटी उभारणे सोपे, तिची निगा राखणे कठीण. पावसाचे पाणी आत शिरू न देणे, जीर्ण झालेली वा कोणीच न उचललेली पुस्तके काढून टाकणे आणि रिकामा कप्पा पुन्हा भरणे, हे काम पालकत्व पत्करणाऱ्या एका माणसाने नित्य केले नाही, तर थोड्याच काळात तेथे रद्दी साचते. म्हणून ज्यांच्या गल्लीत अशी पेटी असेल त्यांना एवढीच विनंती, की घरातील अडगळ तीत टाकू नये. जे शेजाऱ्याने वाचावे असे मनापासून वाटते, तेच पुस्तक ठेवावे.