नवी कॅसेट आणली, ऐकायला या!

बीड जिल्ह्यातल्या आपेगावने महाराष्ट्राला पखवाजाचा एक थोर वादक दिला, पद्मश्री शंकरबापू आपेगावकर. दिंडीत आणि कीर्तनात टाळांच्या गजरात घुमणारा वारकरी पखवाज त्यांनी मैफलीच्या व्यासपीठावर मानाने बसवला. पुढे त्यांचे चिरंजीव उद्धवबापूंनी तो वारसा चालवला. असा बाज जपणाऱ्या मुलखात घरोघरी किती ध्वनिमुद्रणं पडून असतील! पण एखाद्या जुन्या कॅसेटवर कोण गातंय, साथीला कोण आहे, ती कुठल्या वर्षीची आहे, असं विचारलं की बहुतेक घरांत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

या प्रश्नांची उत्तरं शोधायची एक साधी रीत महाराष्ट्रातल्या रसिकांनी फार पूर्वी बसवली आहे. 1990 मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर तिचे सचिव होते. चोरबाजारातून, जुन्या बाजारातून किंवा कुणाच्या माळ्यावरून मिळालेली रेकॉर्ड सभासदांनी बैठकीत आणायची, सगळ्यांनी मिळून ऐकायची आणि आणणाऱ्याने तिच्याविषयी चार शब्द बोलायचे. एकाला राग ओळखू येतो, दुसऱ्याला तबलजीचा हात, तिसऱ्याला ते पद कुठल्या नाटकातलं ते आठवतं. अशा बैठकांतून निघालेली माहिती ‘द रेकॉर्ड न्यूज’ या संस्थेच्या नियतकालिकात छापली गेली. बीडपासून फारशा लांब नसलेल्या सोलापुरातही संस्थेची शाखा उभी राहिली. म्हणजे मराठी मुलखातल्या संगीताच्या इतिहासाचा एक मोठा भाग विद्यापीठांनी नव्हे, तर आपली खरेदी दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय चैन न पडणाऱ्या माणसांनी लिहिला.

तबकडीवर ऐकण्याइतकंच वाचण्यासारखंही खूप असतं. भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं 1902 मध्ये कोलकात्यात झाली. गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायच्या, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला आणि लेबल चिकटवणाऱ्याला गाणारं कोण हे कळायला हवं होतं. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवताना अब्दुल करीम खाँसाहेबांनी काय ठेवलं आणि काय सोडलं, हे चार कानांनी मिळून ऐकलं की जास्त उलगडतं. लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक तर जाणकाराच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा! त्यावरून ध्वनिमुद्रण केव्हाचं, याचा माग काढता येतो.

रेकॉर्ड विकत घेणं ज्यांच्या आवाक्याबाहेर होतं, त्यांची आवडही मोजली जात होती. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’त अमीन सायानी गाण्यांची क्रमवारी सांगत. ती ठरवताना दुकानांतली रेकॉर्डची विक्री तर पाहिली जाईच, शिवाय गावोगावच्या श्रोतासंघांचं मतही विचारात घेतलं जाई. एका रेडिओभोवती जमून ऐकायचं आणि पसंती कार्डावर लिहून धाडायची, ही तेव्हाची ऐकणाऱ्यांची जाहीर चर्चाच.

मराठवाड्याच्या खेड्यांत मात्र खरी उलथापालथ केली ती कॅसेटने. 1980 नंतर टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी स्वस्त झाल्या. मोठ्या शहरातल्या एका कंपनीने ठरवायचं आणि सगळ्यांनी तेच ऐकायचं, ही सद्दी संपली. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या याच बदलाची सविस्तर नोंद केली आहे. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, बाबामहाराज सातारकरांची कीर्तनं, भारुडं, कव्वाल्या असं सगळं एकाच दुकानाच्या फळीवर आलं. 14 एप्रिलची आंबेडकर जयंती जवळ आली की भीमगीतांच्या नव्या कॅसेटी यायच्या. वस्तीतल्या एकाने ती घेतली की दुसऱ्या दिवसापासून गाणं सगळ्या वस्तीच्या तोंडी! आवडलं तर दुकानातून कोऱ्या कॅसेटवर भरून आणायचं, उसनी घ्यायची, परत करताना दुसरी बाजू कशी वाटली तेही सांगायचं.

मेमरी कार्डाच्या दिवसांत हे बोलणं आटलं. दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघणारे ऊसतोड कामगार मोबाइलच्या दुकानातून शेकडो गाणी भरून घेत. गाणी भरपूर मिळाली, पण फायलींवर ना गायकाचं नाव, ना कवीचं. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या मोठ्या कवीची रचनाही अशी निनावी फिरली, ही गोष्ट मनाला लागते.

म्हणूनच बीडला, अंबाजोगाईला, परळीला, माजलगावला अशा बैठका भरायला हव्यात. त्यासाठी ग्रंथालयातली एक खोली पुरे. प्रत्येकाने घरातली एक कॅसेट, रेकॉर्ड किंवा सीडी आणावी. ती वाजत असताना एकाने वहीत गायक, कवी, वादक, कंपनी, वर्ष, कुठून घेतली आणि ऐकताना काय जाणवलं हे उतरवावं. कॅसेटीच्या वेष्टनावरचा मजकूरही टिपून त्याचा फोटो काढून ठेवावा. स्थानिक कंपन्यांच्या कॅसेटींचा नंबर आधी लावावा, कारण त्यांच्या प्रती मुळात थोड्या आणि कंपन्याही बहुतेक बंद पडलेल्या.

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट थेट लावू नये. फितीवर पांढुरकी बुरशी दिसली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय ती यंत्रात घालूच नये. फीत स्वच्छ असेल, तर यंत्राचं हेड पुसून घ्यावं, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून सैल करावी आणि पहिल्यांदा वाजवतानाच तिची नक्कल करून घ्यावी. जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच, याची खात्री नसते.