दाढ गेली, ठणका राहिला

या पानावर मी नेहमी बोंडअळी, ठिबक आणि माती परीक्षणाविषयी लिहितो. आज दाढेविषयी लिहितोय. दीड वर्षापासून मागे लागलेलं माझं दुखणं गावोगाव फिरताना आणखी काही जणांकडे आढळलं, आणि त्यातल्या दोघांनी तर त्यापायी चांगले दात उपटून घेतले होते.

माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं. अशा कामानंतर काही दिवस दुखतं, मग थांबतं. माझं तीन महिन्यांनीही थांबेना. सूज नाही, पू नाही, एक्स-रे स्वच्छ. शेवटी मीच हट्ट धरून दाढ काढायला लावली. दाढ गेली, ठणका जागच्या जागी! घरात आई म्हणायची, "अरे, दाढच नाही तर दुखतंय काय तुझं?" उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

ते मिळालं शासकीय दंत महाविद्यालयात. समजायला सोपं आहे. विहिरीवरची मोटर बंद पडली की आपण मोटर खोलतो, आणि कधी कधी दोष निघतो केबलमध्ये. दाताच्या कामात बारीक नस दुखावते. बहुतेकांची ती सावरते. काहींची मात्र जखम भरल्यावरही मेंदूला दुखण्याची खोटी बातमी देत राहते. वेदना खरी असते, फक्त तिचं मूळ दातात नसतं. काम उत्तम झालं तरी हे होऊ शकतं, म्हणून लगेच डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका.

पण सगळंच नसेवर ढकलायचं नाही. तडकलेलं मूळ, साफ करायची राहिलेली नळी, वरच्या दाढांच्या बाबतीत सायनस, हे आधी तपासून घ्या. वीज चमकावी तशी क्षणभर कळ येत असेल, वाऱ्याने किंवा चूळ भरताना उठत असेल, तर तो ट्रायजेमिनलचा वेगळा आजार; त्याचं औषधही वेगळं. आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाखवाच. तंबाखू, मिश्री असणाऱ्यांनी एक दिवसही लांबवू नये.

दुखणं रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांच्या पुढे, आणि तपासणीत काहीच नाही, असं असेल तर नसेच्या दुखण्याचा विचार करतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे दाखवता येईल. मला रात्री अॅमिट्रिप्टिलीनची छोटी मात्रा दिली. ही गोळी मूळची उदासीनतेवरची, म्हणून मेडिकलवाल्याने माझ्याकडे विचित्र पाहिलं. नसेच्या दुखण्यावरही ती चालते, पण गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं. सकाळी गुंगी वाटली तर ट्रॅक्टरवर बसू नका. हृदयाचा, काचबिंदूचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, आणि गोळी मनाने बंद करू नका.

घरगुती उपायांत माझी चूकच झाली. लवंगेचं तेल रोज चोळून हिरडी भाजून घेतली. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या तर खिशातच असायच्या. पोट बिघडलं, डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी करायला लावली, आणि ठणका होता तसाच!

उपयोग झाला तो वहीचा. पाऊसमापकाची नोंद ठेवतो तशी रोज रात्री शून्य ते दहा नोंद: किती दुखलं, झोप किती, दिवसभर काय केलं. महिन्याभरात दिसलं, की जागरण झालं की दुसऱ्या दिवशी आकडा चढतो. मोकळा बसलो की चढतो, शिवारफेरीत उतरतो. डॉक्टरांनाही माझ्या रडगाण्यापेक्षा ती वहीच जास्त कामाची वाटली.

ठणका पूर्ण गेलेला नाही. सातचा आकडा आता तीनवर आहे. परवा एका हरभऱ्याच्या प्लॉटवर हुळा भाजला होता. बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्ला, उजव्या दाढेनेच.