खारपाणाची कुळकथा

अचलपुराजवळच्या विहिरीचें पाणी गोडें. पण तेथून नैर्ऋत्येस बारातेरा कोसांवर दर्यापुराकडे जावें, तों विहिरीच्या पाण्याची पहिलीच चूळ थुंकून टाकावी लागते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या कांठानें पसरलेल्या या मुलखाला आपण खारपाण पट्टा म्हणतों. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. मग हें मीठ आलें कोठून?

याची साक्ष पाणीच देतें. खनिज तेलाच्या बाबतींत ही विद्या प्रथम फळास आली. 1934 सालीं आल्फ्रेड ट्रायब्स या जर्मन रसायनज्ञानें तेलांत वनस्पतींच्या हरितद्रव्याचे अवशेष ओळखले आणि तेलाचें कूळ त्याच्या घटकांवरून शोधतां येऊं लागलें. मुंबईच्या समुद्रांत 1974 सालीं सांपडलेल्या साठ्यासारख्या ठिकाणीं निरनिराळ्या विहिरींतील तेल ताडून पाहिलें, तर साठा कोणत्या बाजूनें भरला याचा माग लागतो; कारण मागाहून आलेलें, अधिक पक्व तेल आधीच्या तेलाला पुढें ढकलीत असतें.

पाण्याची परीक्षाही अशीच आहे. सागरजलांत क्लोराइड हें ब्रोमाइडच्या सुमारें 290 पट असतें. मिठाचे खडे बनतांना ब्रोमाइड बहुतांशीं द्रवांतच राहतें. म्हणून ते खडे पुन्हां विरघळले म्हणजे त्या पाण्यांत हें प्रमाण पुष्कळ चढतें. उन्हानें आटलेल्या पाण्यांत ऑक्सिजनचे जड अणु अधिक उरतात. ट्रिटियमचा अंश आढळला, तर पाणी अलीकडच्या पावसाचें समजावें.

आतां खोऱ्याची घडण पाहूं. गाविलगडच्या पायथ्याशीं, अचलपूर-परतवाड्याकडे, डोंगरांतून वाहून आलेल्या गोट्यांचे व वाळूचे थर आहेत. त्यांत पाऊस लवकर मुरतो. खोऱ्याच्या मध्यावर मात्र चिकणमातीचा जाड गाळ असून पाणी तेथें दीर्घकाळ रेंगाळतें. संशोधकांचा कल असा कीं, हा खारेपणा समुद्राचा नव्हे. प्राचीन कोरड्या काळांत निचरा अडलेल्या या खोऱ्यांत पाणी आटत गेलें आणि क्षार गाळांत सांठले.

हें जाणण्यांत शेतकऱ्याचा मोठा लाभ आहे. विहीर आणखी खोल नेली म्हणजे गोडें पाणी लागेल, या आशेनें कित्येकांनीं पैका घालविला; पण खालीं बहुधा जुनें, खारें पाणीच असतें. पावसाचें हलकें पाणी त्याच्यावर पातळ थरानें राहतें. तें बेसुमार उपसलें तर खालचें वर चढतें, आणि तेंच शेताला दिलें तर काळी जमीन घट्ट होऊन पीक खुरटतें. म्हणून तेथें शेततळ्यांत पाऊस धरणें हिताचें; पिण्यासाठीं तर शहानूर धरणाचें पाणी नळानें दर्यापूरकडे न्यावें लागलें आहे.

अचलपूरकरांनींही निर्धास्त राहूं नये. संत्र्याच्या बागांसाठीं आपण जें पाणी उपसतों, तें पायथ्याशीं मुरलेल्या पावसाचें आहे. जितकें मुरेल तितकेंच उपसावें, हा हिशेब संभाळला तरच आपल्या विहिरी आटणार नाहींत.