इंटरनेटवरील दुकानाचे नाव : घेताना पारखा, घेतल्यावर राखा

भोरच्या बाजारपेठेतील फर्निचर कारागीर असो, गादी-रजईवाला असो की वेल्ह्याच्या रस्त्यावर तोरणा-राजगडला येणाऱ्या पर्यटकांच्या जेवणाची सोय करणारा हॉटेलवाला असो, पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक आता येण्याआधी मोबाइलवर चौकशी करते. त्यामुळे "आपलेही एखादे डॉट कॉम असावे" असे अनेक व्यावसायिकांना वाटू लागले आहे. वाटण्यात गैर काही नाही. परंतु जो माणूस लाकडाच्या फुटामागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, तोच या व्यवहारात डोळे मिटून पैसे भरतो, आणि हे बरोबर नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, कायमचे विकत मिळत नाही. ते गाळ्याच्या भाड्यासारखे आहे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते, आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. म्हणून विचारायचा भाव पहिल्या वर्षाचा नव्हे, दुसऱ्या वर्षाचा.

डॉट कॉम नावांची मूळ वही अमेरिकेतील व्हेरिसाइन कंपनीकडे आहे. विक्रेत्यांकडून ती घेत असलेला घाऊक दर २०२१ च्या ऑगस्टपर्यंत वर्षाला ७.८५ डॉलर होता. तो वाढत वाढत सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर, म्हणजे नऊशे रुपयांच्या आसपास गेला. आता कोणी तेच नाव शे-दोनशे रुपयांत देत असेल, तर तो पदरचे घालून देतो आहे आणि पुढे वसूल करणार आहे, एवढे व्यापाऱ्याला सांगायला नको. समजा, एकाने पहिल्या वर्षी १९९ रुपये आणि पुढे दरवर्षी १२०० रुपये घेतले, तर पाच वर्षांचे ४९९९ रुपये झाले. दुसऱ्याने पहिल्यापासून सरळ ९०० घेतले, तर ४५०० झाले. स्वस्त दिसलेलेच महाग पडले.

आपल्या देशाचे डॉट इन हे नावही विचारात घ्यावे. त्याचा कारभार २००३ साली स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे आणि २००५ पासून ते सर्वांना खुले आहे. डॉट को डॉट इन हा त्यातलाच प्रकार. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळते. भोर, नसरापूर, पुणे एवढेच ज्याचे गिऱ्हाईक आहे, त्याला डॉट कॉमचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. दोन्हींचे नूतनीकरणाचे दर समोर ठेवून निवड करावी.

नाव घेताना विक्रेता सोबत ई-मेल, सुरक्षा, संकेतस्थळ बनवण्याचे साधन अशा वस्तू टोपलीत टाकतो. काही खुणा आधीच केलेल्या असतात. पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी आणि नको ते काढून टाकावे. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याने बिलावर आपला नंबर जरूर घालावा, म्हणजे ती रक्कम वजावटीत मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ही सवलत नाही. त्याने कराची रक्कम खर्चातच धरावी.

सर्वात मोठे नुकसान मात्र नाव हातचे गेल्याने होते. संकेतस्थळ बनवून देणारा पोरगा पुष्कळदा नाव स्वतःच्या ई-मेलवर नोंदवतो. पुढे त्याच्याशी बिनसले, तो गाव सोडून गेला, की पाटी तुमची आणि चावी त्याच्याकडे. म्हणून नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर आणि चालू मोबाइल नंबरवरच करावी.

मुदतीची तारीख विसरणे मोठ्यांनाही चुकलेले नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचे एका नावाचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि हॉटमेलच्या ग्राहकांची अडचण झाली. अखेर एका परक्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ते भरले. आपल्यासाठी असे कोणी भरणार नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर विक्रेता थोडे दिवस सवड देतो. त्यानंतर नाव सोडवून घेण्यासाठी तीस दिवस मिळतात, पण त्याचा दंड मूळ दराच्या कितीतरी पट असतो. मग पाच दिवसांनी नाव बाजारात खुले होते, कोणीही उचलावे. तेव्हा दुकानाच्या परवान्याशेजारी ही तारीखही भिंतीवर लिहून ठेवावी. धंदा बसलेला असेल तर दोन-तीन वर्षांचे एकदम भरावे.

सध्याचा विक्रेता महाग वाटत असेल तर नाव दुसऱ्याकडे नेता येते. नोंदणीनंतरचे पहिले साठ दिवस सोडून, मुदतीच्या महिनाभर आधी जुन्याकडून गुप्त संकेतांक मागावा. डॉट कॉमच्या बाबतीत बदलीसाठी भरलेल्या पैशांत मुदत एक वर्षाने वाढते, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. "तुमचे नाव बंद होणार, ताबडतोब भरा" अशी अनोळखी पत्रे आणि फोन येतात. त्यांना दाद न देता आपल्या विक्रेत्याच्या खात्यातच जाऊन पाहावे.

नाव निवडतानाही धोरण हवे. २०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव अधिकृतपणे राजगड झाले. ज्यांनी नावात 'वेल्हे' घातले आहे, त्यांनी घाबरून नवी चार नावे घेऊ नयेत. जुन्या नावावर गिऱ्हाईक येते तोवर तेच चालू ठेवावे. नव्याने घेणाऱ्याने गावाऐवजी दुकानाचे नाव घ्यावे, ते बदलत नाही. मात्र नामांकित कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊ नये. रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेल्या नावाला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये अशा नावांना व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले.

शेवटी, ज्याचे सारे काम ओळखीवर चालते, त्याला कदाचित नावाची गरजच नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद आणि व्हॉट्सअॅप बिझनेस, दोन्ही फुकट आहेत. आधी ती करावी आणि वर्षभर पाहावे. बाहेरगावचे गिऱ्हाईक वाढले तर डोमेन घ्यावे, आणि घेतले की सांभाळावे. गल्ल्यातला वाचवलेला रुपया हाही कमावलेलाच असतो.