कुडाळ शब्दात अक्षरे किती?

माझं गाव कुडाळ. या शब्दात अक्षरं किती, असं पहिलीतल्या पोराला विचारलं तर ते म्हणेल, तीन. हाच प्रश्न मी पीएचपीला विचारला. 'एसटीआर-लेन'ने सांगितलं १५, 'एमबी-एसटीआर-लेन'ने सांगितलं ५. गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर आहे!

युनिकोडच्या हिशेबात क, उकार, ड, काना आणि ळ ही पाच वेगळी चिन्हं. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा २३२५. हे क्रमांक बाइटमध्ये मांडायची एक पद्धत म्हणजे युटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली आखली. तिच्यात साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला तीन लागतात. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. पाच त्रिक पंधरा!

आता समजा, वसतिगृहाची यादी आपण वेबवर टाकली आणि ब्राउझरने हे तीन बाइट तीन सुटी अक्षरं म्हणून वाचले. पडद्यावर डोक्यावर रेघ असलेली चमत्कारिक रोमन अक्षरं उमटतात. घाबरू नका. बाइट शाबूत आहेत. पान युटीएफ-८ आहे एवढं ब्राउझरला सांगितलं की कुडाळ परत येतं.

खरा धोका प्रश्नचिन्हांचा. टेबल लॅटिन-१ असेल तर त्यात 'ळ'ला जागाच नाही. काही डेटाबेस चूक दाखवून थांबतात, तर काही गपचूप प्रत्येक चिन्हाच्या जागी '?' लिहून मोकळे होतात. मग टेबलात उरतं '?????'. ते कुडाळ होतं की आणखी काही, हे कोणताही प्रोग्राम सांगू शकत नाही. गावाच्या जागी एखाद्याचं नाव असेल, तर तो विद्यार्थी यादीत असूनही शोधून सापडणार नाही.

म्हणून चार ठिकाणं तपासा: फाइल, पानाचा हेडर, डेटाबेसची जोडणी आणि टेबल. चौघांचं एकमत हवं. मायएसक्यूएलमध्ये 'युटीएफ८-एमबी४' निवडा. जुन्या 'एमबी३'मध्ये मराठी मावते, पण चार बाइटची इमोजी मावत नाही. आणि मजकूर बाइट मोजून कापू नका. कुडाळ दहा बाइटवर कापलंत, तर 'कुड' आणि कान्याचा एक तुकडा हाती येईल.

पुढचा प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी फॉर्ममध्ये आपल्या गावाचं नाव मराठीत भरून बघा. जसंच्या तसं परत आलं, तरच पुढे जा.