जुन्या फिएटचे जेट : आकड्यापेक्षा मेळ महत्त्वाचा

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील जुन्या सोसायट्यांच्या आवारात आजही एखादी प्रीमियर पद्मिनी आच्छादनाखाली उभी दिसते. आजोबांनी पेढी स्थिरावल्यावर घेतलेली, वडिलांनी जपलेली ही गाडी नातवाला पुन्हा रस्त्यावर आणावयाची असते. गॅरेजमध्ये पहिला सल्ला ठरलेला असतो : "मोठे जेट टाकू, पिकअप वाढेल." सल्ला स्वस्त वाटतो, कारण जेट म्हणजे बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. परंतु त्याच्या चुकीच्या निवडीने पिस्टन आणि व्हॉल्व्ह जळू शकतात, आणि पन्नास वर्षांच्या इंजिनचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

या गाडीशी आपल्या समाजाचे नातेही आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे इटलीच्या फिएट कंपनीशी सहकार्य झाले. 1964 पासून फिएट 1100 डिलाइट तेथे बनू लागली आणि 1974 मध्ये तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मधील. वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होऊन ती 2023 मध्ये सेवेतून गेली. आता उरल्या त्या घरगुती गाड्या.

पद्मिनीला कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. पण तिच्या इंजिनचे कूळ तसे आहे. 68 मिलिमीटर व्यास, 75 मिलिमीटर स्ट्रोक आणि 1089 सीसी हे माप फिएटने 1937 मध्येच योजिले होते. महायुद्धानंतर तुरीनच्या चिसितालिया कंपनीने याच मापाचे फिएट इंजिन सुधारून आपल्या 202 या स्पोर्ट्स कारमध्ये बसविले. तिला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1951 च्या मोटार प्रदर्शनात स्थान दिले. तेव्हा या इंजिनातून अधिक काही निघू शकते हे खरे. मात्र ते केवळ मोठ्या जेटने निघत नाही.

जेट काय करते?

इंजिन हवा ओढते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना त्या हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि पेट्रोल वर खेचले जाते. किती पेट्रोल जाऊ द्यायचे, हे जेटचे छिद्र ठरविते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. पेट्रोल कमी पडले तर मेकॅनिक मिश्रणास 'लीन' म्हणतात आणि जास्त झाले तर 'रिच'. लीन मिश्रणाने इंजिन तापते व गाडी झटके देते. रिच मिश्रणाने काळा धूर निघतो आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते. हवा आहे तेवढीच असेल, तर वाढीव पेट्रोल हा निव्वळ तोटा होय.

सोलेक्स आणि वेबर कार्ब्युरेटरच्या जेटवरील आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत छिद्राचा व्यास. 125 म्हणजे 1.25 मिलिमीटर. अन्य काही कंपन्यांचे आकडे प्रवाहावर आधारलेले असतात, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नये. प्रवाह मात्र व्यासावर नव्हे, क्षेत्रफळावर अवलंबून असतो. 125 ऐवजी 130 घातले तर व्यास 4 टक्के वाढतो, परंतु पेट्रोल सुमारे 8 टक्के वाढते. 135 घातले तर जवळजवळ 17 टक्के! दहा अंकांची ही उडी किरकोळ नाही, हे व्यापारी वाचकांस निराळे सांगावयास नको.

कोणते जेट केव्हा?

लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या गर्दीत गाडी बराच वेळ ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून चालते. तेव्हा काम करते ते छोटे पायलट जेट. मेन जेटचा अंमल मोकळ्या रस्त्यावर सुरू होतो, आणि इंजिनच्या वरच्या फेऱ्यांवर एअर जेट त्या पेट्रोलात हवा मिसळून तोल राखते. म्हणून सिग्नलवरून निघताना गाडी अडखळत असेल, तर मेन जेट बदलून उपयोग नाही. तसेच पीयूसीची तपासणी इंजिन जागेवर चालू असताना होते. जुन्या पेट्रोल चारचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची 3 टक्क्यांची मर्यादा पाळली गेली, तरी मेन जेट योग्य आहे असे त्यातून सिद्ध होत नाही.

नवे कारण : इथेनॉल

आज जेटचा पुनर्विचार करण्याचे सबळ कारण पंपावरच आहे. 20 टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलची विक्री देशात 2023 मध्ये सुरू झाली आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉलला वजनाने नऊ पटच हवा लागते. त्यामुळे या मिश्र इंधनाचे प्रमाण 14.7 वरून सुमारे 13.5 वर येते. नव्या गाडीतील संगणक ही तफावत स्वतः भरून काढतो. कार्ब्युरेटरला ते शक्य नाही. जुन्या जेटवर गाडी सुमारे 8 टक्के लीन होते. वर पाहिलेली पाच अंकांची वाढ नेमकी तेवढीच तूट भरून काढते. अर्थात पूर्वी मिश्रण रिच ठेवलेले असेल, तर आहे तेच जेट योग्य ठरेल. म्हणून आधी मोजावे, मग बदलावे. इथेनॉलने जुने रबरही खराब होते. पेट्रोलची नळी आणि पंपाचा पडदा त्यास टिकणारा बसवून घ्यावा.

मोजण्याची रीत

आधी टॅपेट, पॉइंट, टायमिंग, एअर फिल्टर आणि फ्लोटची पातळी ठीक करावी. मॅनिफोल्डच्या गास्केटमधून बाहेरची हवा शिरत असेल, तर कोणतेही जेट चुकीचेच भासेल. जुने जेट कोणी तारेने कोरले असेल, तर त्यावरील आकड्यास अर्थ उरत नाही. जेट द्रावणाने व हवेच्या झोताने स्वच्छ करावे. तार घालू नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुने जेट मिळाले, तरी छिद्र मोजून घ्यावे.

मग प्लग पाहावा. बिस्किटी रंग हे समतोलाचे, पांढरा लीनचे आणि काजळी रिचचे लक्षण. आजच्या इंधनात प्लग मुळातच फिकट दिसतो, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवून मीटरवर लॅम्डाचा आकडा पाहावा. इंधन कोणतेही असो, लॅम्डा 1 म्हणजे पूर्ण मेळ. संथ चालीत 1 च्या जवळपास आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर 0.86 ते 0.90 असावा. एका वेळी एकच जेट, तेही एकाच पायरीने बदलावे आणि प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहावा. बँकेत ताळमेळ लागत नसेल, तर आम्ही एकेक नोंद तपासत असू. दोन आकडे एकदम बदलले, तर चूक कोणती होती हे कधीच कळत नाही.

लोणावळ्यापर्यंतच्या प्रवासासाठी जेट बदलण्याची आवश्यकता नाही. सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरास विरळ हवेमुळे मिश्रण थोडे रिच होते, पण दोन दिवसांच्या सहलीस ते चालून जाते.

अखेरची सूचना. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी केंद्र शासनाने 2021 मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीची तरतूद केली आहे. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाच्या झाल्या. इंजिनमधील मोठे फेरबदल त्या तरतुदीत बसत नाहीत. म्हणून अधिक वेगाच्या हौसेने मूळ कार्ब्युरेटर भंगारात देऊ नये. योग्य मापाचे पितळी जेट आणि थोडी शिस्त एवढ्यावर आजोबांची गाडी नातवाच्या हाती सुखरूप राहते.