गावागणिक बदलणारी चाल
निघण्याआधी ऐकावं असं : भाग ४ – आयर्लंड

संगीताच्या कुठल्याही अ‍ॅपवर ‘सेल्टिक’ असं शोधलं की धुक्यात बुडालेला किल्ला, हिरवी टेकडी आणि तीन-तीन तास संथ वाहणारी बासरी समोर येते. झोप यायला ती उत्तम आहे. पण डब्लिनला मुलाकडे निघालेल्या किंवा आयर्लंडची सहल ठरवलेल्या माणसाने एवढ्याच तयारीवर विमान पकडलं, तर पहिल्याच संध्याकाळी त्याची गंमत होते. पबच्या कोपऱ्यात चार फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक बासरी आणि एक कॉन्सर्टिना (हातात मावणारी छोटी भात्याची पेटी) मिळून एकच धून भरधाव वाजवत असतात. वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून बसलेले, श्रोत्यांकडे कुणाचंच लक्ष नाही. धून संपली म्हणून टाळीसाठी हात उचलावा, तर दुसरी सुरू झालेली असते.

‘सेल्टिक’ ही मुळात भाषांच्या कुळाची ओळख. आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श, ब्रेटन या भाषा त्या कुळातल्या. त्यांच्या संगीताला एका दोरीत ओवण्याचा उद्योग बऱ्याच अंशी अलीकडचा आहे. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात १९७१ साली लोरिआं शहराचा आंतरसेल्टिक महोत्सव सुरू झाला. पुढच्याच वर्षी हार्पवादक अलां स्तिव्हेल यांची पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहातली मैफल गाजली. मग रेकॉर्डच्या दुकानांत या नावाचा वेगळा कप्पाच तयार झाला. डोनेगलच्या गायिका एन्या यांचं ‘ओरिनोको फ्लो’ १९८८ साली जगभर पोहोचल्यावर त्या कप्प्याला धुक्याचा रंग चढला. एन्या यांची गाणी जरूर ऐकावीत, पण पबमधलं संगीत समजायला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी ‘सेल्टिक’च काय, ‘आयरिश’ हा शब्दही मोठाच पडतो. हे संगीत जिल्ह्या-जिल्ह्याचं, म्हणजे तिथल्या काउंटीचं आहे, आणि प्रवासाच्या नकाशाप्रमाणेच ते ऐकलेलं बरं.

आधी थोडं हिशेबाचं. बहुतेक धुना नाचासाठी बांधलेल्या, त्यामुळे त्यांची ओळख मात्रांवरून पटते. जिग सहाची, तीन-तीनच्या दोन झोक्यांत चालणारी. दादऱ्याच्या सवयीचा कान ती लगेच पकडतो. स्लिप जिग नऊची. रील सरळ चौपट, केरव्यासारखी आठ-आठ सुरांनी धावणारी, आणि सेशनमध्ये, म्हणजे पबमधल्या अशा सामूहिक वादनात, सर्वांत जास्त वाजते तीच. हॉर्नपाइपही चारचाच, पण किंचित लंगडत चालणारा. धुनेचे सहसा दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा आणि प्रत्येक दोनदा वाजतो. असं एक पूर्ण आवर्तन रीलच्या वेगात अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतं. दोन-तीन आवर्तनं झाली की न थांबता पुढची धून. दोन-तीन धुना मिळून एक ‘सेट’. धून कुठे बदलली हे ओळखता येऊ लागलं की निम्मी लढाई जिंकली.

उरलेल्या निम्म्यात मराठी श्रोत्याला घरबसल्या फायदा आहे. हे संगीत मुळात एकपदरी आहे. स्वरमेळाचं नाही, चालीचं आहे. गिटार आणि बुझुकी ही साथीची वाद्यं त्यात उशिरा आली. ग्रीसची बुझुकी तर १९६०च्या दशकात आयर्लंडमध्ये रुळली. सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येकाची हरकत वेगळी. कुणी सुराला वरून चाटून जातो, कुणी खालून टिचकी मारतो, तर कुणी तीन सुरांचा झटपट गोळा करून टाकतो. इथे रागविस्तार नाही, ताना नाहीत. चाल ठरलेली, आणि सगळी कारागिरी तिच्या अंगावरच्या कलाकुसरीत. एकच रील दोन वादकांकडून लागोपाठ ऐकली की हा फरक उलगडतो.

इलन पाइप्स हे या संगीतातलं सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वाद्य. स्कॉटिश बॅगपाइपमध्ये तोंडाने हवा फुंकतात. इथे कोपराखालच्या भात्याने पिशवी भरतात आणि वादक बसून वाजवतो. षड्जासारखा अखंड धरलेला सूर मागे चालू, बोटांखाली दोन सप्तकांची चाल, आणि मनगटाच्या कडेने दाबायच्या पट्ट्यांतून अधूनमधून साथीचे सूर. या वादनपरंपरेची २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली, तर आयरिश हार्पची २०१९ साली.

या परंपरेचा बराचसा दस्तऐवज परदेशात तयार झाला. कॉर्क काउंटीत जन्मलेले फ्रान्सिस ओनील १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचे पोलीसप्रमुख होते. शहरात आलेल्या आयरिश स्थलांतरितांकडून ते धुना गोळा करत. त्यांना स्वरलिपी नीट येत नसे, म्हणून ओनील हेच आडनाव असलेले त्यांचे पोलीस सहकारी जेम्स त्या उतरवून घेत. १९०३ साली निघालेल्या त्यांच्या संग्रहात १,८५० चाली होत्या. पुढे १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्लायगो काउंटीचे फिडलवादक मायकल कोलमन यांच्या तबकड्या निघाल्या. त्या बोटीने मायदेशी परतल्या आणि खेड्यापाड्यांतले वादक फोनोग्राफपुढे बसून त्यांच्या हरकती गिरवू लागले. परिणाम दुहेरी झाला. धुना टिकल्या, पण स्लायगोची वेगवान, नक्षीदार ढब इतकी मानाची ठरली की शेजारच्या काउंट्यांच्या साध्या ढबी मागे पडू लागल्या. ज्या उरल्या त्याच आज प्रवाशाने शोधायच्या.

मोहेरचे कडे बहुतेकांच्या यादीत असतात, म्हणजे क्लेअर काउंटी आलीच. तिच्या पूर्व भागातलं फिडल इतरांपेक्षा संथ आणि काहीसं हुरहुर लावणारं. मार्टिन हेज तिथलेच. गिटारवादक डेनिस काहिल यांच्याबरोबरचं त्यांचं ‘लाइव्ह इन सिअ‍ॅटल’ (१९९९) या प्रवासासाठी सर्वांत आधी ऐकावं. त्यात एक लांबलचक सेट जवळजवळ कुजबुजीपासून सुरू होतो आणि चढत चढत अशा वेगाला पोहोचतो की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही. पश्चिम क्लेअर कॉन्सर्टिनाचा आणि पाइप्सचा. समुद्रकाठचं डूलिन तिथल्या वादक रसेल बंधूंमुळे नावारूपाला आलं, आणि आज ते पर्यटकांनी भरलेलं असतं. मिलटाउन मॅलबे या छोट्या गावात पाइप्सवादक विली क्लॅन्सी यांच्या नावाने १९७३ पासून दर जुलैच्या सुरुवातीला उन्हाळी शाळा भरते. सकाळी वर्ग, रात्री गावभर सेशन्स.

किलार्नीकडे जाणाऱ्यांनी कॉर्क आणि केरीच्या सीमेवरचा स्लीव्ह लूक्रा हा डोंगराळ भाग ऐकावा. इथे रीलपेक्षा पोल्का आणि स्लाइड या नाचऱ्या धुनांचं राज्य. पॉड्रिग ओकीफ (१८८७–१९६३) नावाचे शिक्षक शाळा सोडून फिडल शिकवत या भागात पायी हिंडत. डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही भावंडं त्यांचीच शिष्य. त्यांची ‘द स्टार अबव्ह द गार्टर’ (१९६९) ही तबकडी म्हणजे नुसती दोन फिडल. पण ती ऐकताना पाय स्थिर राहिला तर नवल.

गॉलवेच्या पश्चिमेला कॉनमारा. इथे आयरिश भाषा अजून घरात बोलली जाते आणि शान-नोस गायकी टिकून आहे. साथ नाही, ठेका नाही. एकटा माणूस, बहुधा डोळे मिटून, शब्दांच्या श्वासाने गातो. जो हीनी (१९१९–१९८४) हे या गायकीचं मोठं नाव. पहिल्यांदा ती कोरडी वाटण्याची शक्यता आहे. हीनी यांचं एक गाणं रात्री दिवा मालवून ऐकावं, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा ऐकावं.

उत्तरेच्या डोनेगलमधले मजूर हंगामी कामाला स्कॉटलंडला जात, त्यामुळे तिथल्या फिडलमध्ये स्कॉटिश बाज आहे. गज तुकड्या-तुकड्यांनी चालतो, सूर टोकदार आणि वेग भन्नाट. जॉन डोहर्टी हे कल्हई-पत्र्याची कामं करत फिरणाऱ्या घराण्यातले फिडलवादक. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं मिळतात. त्यांच्याच वाटेने पुढे जायचं तर ‘अल्तान’ या वाद्यवृंदाचं ‘आयलंड एंजल’ (१९९३) घ्यावं.

वाद्यवृंद ही कल्पनाही तशी नवीच. संगीतकार शॉन ओ रिआदा यांनी १९६०च्या सुमारास पारंपरिक वादकांना मैफलीच्या मंचावर आणलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गल्लीबोळांतून फिरणाऱ्या सोंगाड्यांच्या हातातल्या बाउरान या डफासारख्या चर्मवाद्याची थापही त्यांच्यामुळेच मंचावर आली. त्यांच्या वर्तुळातून १९६२ साली ‘द चीफटन्स’ जन्मले. ‘प्लँक्स्टी’चं पहिलं ध्वनिमुद्रण १९७३चं, ‘द बॉथी बँड’चं १९७५चं. गाणी आवडणाऱ्यांनी पहिलं निवडावं आणि वेग आवडणाऱ्यांनी दुसरं.

पबमधलं सेशन प्राचीन असावं असं वाटतं, पण तसं नाही. पूर्वी वादन घरच्या स्वयंपाकघरात आणि चौरस्त्यांवरच्या नाचात चाले. १९३५च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला. पाद्री आणि पोलीस घरगुती नाचांवरही बडगा उगारू लागले. त्याच सुमारास हजारो तरुण कामासाठी लंडनला गेले, आणि भाड्याच्या एका खोलीत फिडल वाजवणं शक्य नसल्याने ते १९४०च्या दशकात कॅम्डेन टाउनसारख्या भागांतल्या पबमध्ये जमू लागले. सेशनची आजची तऱ्हा तिथे घडली आणि मग मायदेशी पोहोचली.

तिचे काही रिवाज आहेत. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्या वादकांच्या. तिथे बसू नये. धून चालू असताना टाळ्यांनी ठेका धरू नये. कुणी गाऊ लागलं की बोलणं थांबवावं, पेयाची ऑर्डरसुद्धा नंतर द्यावी. फोनवर चित्रण करण्याआधी विचारावं. आवडलेल्या धुनेचं नाव विचारायला हरकत नाही, मात्र वादकाला ते आठवेलच असं नाही.

डब्लिनमध्ये टेंपल बारची झगमग टाळून नदीपलीकडच्या स्मिथफील्डमधल्या ‘द कॉबलस्टोन’मध्ये जावं. २०२१ साली या पबला वेढून हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा वादक आणि रसिक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले, आणि महापालिकेने परवानगी नाकारली. याच शहरातल्या ‘लँकम’ या चौकडीचं ‘फॉल्स लँकम’ (२०२३) जुन्या गाण्यांना अंधाऱ्या, गुरगुरणाऱ्या सुरांत बुडवतं. क्लेअरच्या फिडलनंतर ते ऐकलं तर एकाच परंपरेची दोन टोकं हाती लागतात. प्रवासाची तारीख हाती असेल तर ऑगस्टमधला ‘फ्ला खोल’ महोत्सवही पाहून ठेवावा. तो आयर्लंडमधली सर्वांत मोठी पारंपरिक संगीतस्पर्धा, आणि दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलतो. त्या आठवड्यात मुक्कामाची खोली आयत्या वेळी मिळत नाही.

(पुढील भागात : स्कॉटलंड – डोंगराळ भागातले पाइप्स आणि ग्लासगोचा जानेवारी)